सगळे बाळाकडे बघत होते

"म्हणजे शेवटी सिझेरियनच झालं ना? मग त्या डूलाचा उपयोग काय झाला?"

बाळ नऊ दिवसांचं होतं तेव्हा नणंदेने मला हे विचारलं. डूला म्हणजे बाळंतपणात आणि त्यानंतर बाईच्या सोबतीला थांबून तिला आधार देणारी बाई. नणंदेच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला मात्र उत्तर देता आलं नाही. टाके ओढत होते, डोळ्यांवर झोप होती. मी नुसतं "हो ना" म्हटलं आणि गप्प बसले. आता बाळ आठ महिन्यांचं झालंय. ते राहिलेलं उत्तर मला नीट द्यायचं आहे.

सातव्या महिन्यातल्या तपासणीत मी डॉक्टरांना विचारलं होतं, "कळा सुरू झाल्यावर माझ्याजवळ कोण असेल?" डॉक्टर चांगल्या आहेत, त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. त्या अधूनमधून येऊन बघणार आणि बाळ बाहेर यायच्या सुमाराला पूर्णवेळ थांबणार. मधला वेळ नर्स बघतील, पण एका नर्सकडे एकाच वेळी तीन-चार बायका असतात आणि कामाची पाळी संपली की त्या बदलतात. पहिलटकरणीचे हे मधले तास बारा असू शकतात, वीसही असू शकतात. नवरा सोबत असणार होता, पण तो माझ्याइतकाच घाबरलेला होता. आईला माझं दुखणं बघवत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्या आठवड्यात मी डूलाचा शोध सुरू केला.

दोघींना भेटलो. पहिल्या बाई उत्साहाने म्हणाल्या, "माझ्याकडे येणाऱ्या बायकांना सिझेरियन लागतच नाही." घरी येताना नवरा म्हणाला, "हे कुणी कसं सांगू शकतं?" मलाही तेच वाटलं होतं. दुसऱ्या बाई आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, मी त्यांना पहिल्याच भेटीत ताई म्हणायला लागले. आपण काय करणार नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. आतून तपासणार नाही. बाळाचे ठोके मोजणार नाही. औषध सुचवणार नाही, औषध बंदही करायला लावणार नाही. "आणि तुझ्या वतीने डॉक्टरांशी भांडणार नाही. तुला जे बोलायचंय ते तूच बोलायचं, मी शेजारी उभी असेन." तेव्हा हे मला थोडं कोरडं वाटलं होतं, खरं सांगायचं तर. पण ज्या माणसाला स्वतःच्या कामाची हद्द ठाऊक आहे, त्याच्यावर विसंबता येतं.

डूला म्हणजे सुईण नव्हे, नर्सही नव्हे. नर्सला लागतो तसा परवाना बहुतेक ठिकाणी डूलाला लागत नाही. त्यामुळे कुणीही स्वतःला डूला म्हणवून घेऊ शकतं, आणि चौकशी आपल्यालाच करावी लागते. प्रशिक्षण कुठे घेतलं, किती बाळंतपणांना हजर होत्या, माझ्या तारखेच्या आसपास आणखी कुणाला शब्द दिला आहे का, ऐनवेळी आजारी पडल्या तर बदली कोण येणार, हे आम्ही विचारलं आणि लिहूनही घेतलं. अडतिसाव्या आठवड्यापासून बाळ होईपर्यंत त्यांचा फोन रात्रंदिवस चालू राहणार होता. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत बारा वेळा त्या घरी येणार होत्या, त्यातल्या चार रात्री मुक्कामाला.

नवऱ्याच्या मनात एक खुपत होतं. "त्या सगळं करणार, मग मी काय करायचं?" ताईंनी उत्तर दिलं नाही, त्याला माझ्या मागे गुडघ्यांवर बसवलं आणि दोन्ही तळवे माझ्या कमरेच्या खाली माकडहाडाच्या वर ठेवायला लावले. "आता दाब. आणखी. तिला दुखेल म्हणून हात आखडू नकोस." पुढे बाळंतपणाच्या दिवशी तो दाब किती तास लागला, ते सांगतेच.

डूला हा शब्द ग्रीक आहे, जुन्या काळी त्याचा अर्थ दासी असा होता. स्तनपानाचा अभ्यास करणाऱ्या डॅना राफाएल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1973 मध्ये तो बाळंतिणीला आधार देणाऱ्या बाईसाठी वापरला. ताईंकडून हे कळल्यावर मी आणखी वाचत गेले. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या बालरोगतज्ज्ञांच्या गटाने ग्वातेमालातल्या एका गजबजलेल्या रुग्णालयात अभ्यास केला होता, तो 1980 मध्ये छापून आला. काही बायकांच्या सोबतीला एक अनोळखी, विशेष प्रशिक्षण नसलेली बाई दिली. ती पाठ चोळायची, हात धरायची, बोलायची. कुठलीही गुंतागुंत न होता बाळंत झालेल्या 40 जणींची तुलना केली तेव्हा सोबत असलेल्यांच्या कळा सरासरी 8.8 तास चालल्या, एकट्या असलेल्यांच्या 19.3 तास. पण मला जास्त हलवून गेला तो ह्यूस्टनचा अभ्यास, 1991 सालचा. पहिलटकरणींचे तीन गट होते. एका गटाला डूला दिली. दुसऱ्या गटात एक बाई नुसती लांब बसून नोंदी करायची, बोलायची नाही. तिसऱ्या गटाला नेहमीची देखभाल. सिझेरियनचं प्रमाण अनुक्रमे 8, 13 आणि 18 टक्के निघालं. एका शब्दानेही न बोलता कोपऱ्यात बसलेल्या बाईच्या असण्यानेसुद्धा फरक दिसला होता.

मी हे आनंदाने ताईंना ऐकवलं, तेव्हा त्यांनी मला जरा थांबवलं. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2017 मध्ये 17 देशांतल्या 15 हजारांहून जास्त बायकांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात सतत सोबत असलेल्यांमध्ये सिझेरियन साधारण पाव हिश्शाने कमी आढळलं. "पाव हिस्सा कमी," त्या म्हणाल्या. "म्हणजे काहीजणींना ते लागणारच. त्यात तू नसशीलच असं धरून चालू नकोस." मग आमच्या इच्छांचा कागद केला तेव्हा त्यांनी पानाच्या मधोमध रेघ मारायला लावली. वरच्या अर्ध्यात नेहमीच्या बाळंतपणासाठी. खालच्या अर्ध्यात 'सिझेरियन झालं तर'. तो खालचा भाग लिहायची मला अजिबात इच्छा नव्हती, दोन आठवडे मी तो कोराच ठेवला. शेवटी ताईंनी समोर बसून लिहून घेतला.

चाळीस आठवडे आणि तीन दिवस झाले होते. रात्री दोन वाजता पाणी गेलं. मी पहिला फोन ताईंना केला. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या: रंग कसा आहे, वास येतोय का, बाळ हलतंय का. मग म्हणाल्या, "आता रुग्णालयात फोन कर आणि हेच त्यांना सांग. ते काय म्हणतात ते मला कळव." रंग पाण्यासारखाच होता, बाळ हलत होतं. सकाळी या, असं रुग्णालयाने सांगितलं. पहाटे पाचला ताई आमच्या दारात होत्या.

सकाळी दहाला दाखल झालो तेव्हा पिशवीचं तोंड 4 सेंटीमीटर उघडलं होतं. कळा मात्र पोटात कमी आणि पाठीत जास्त येत होत्या. बाळाचं डोकं खाली होतं, पण तोंड माझ्या पोटाकडे. त्यामुळे त्याच्या डोक्याची मागची बाजू माझ्या कण्यावर दाबत होती. अशा कळांची कल्पना कुणी शब्दांनी देऊ शकत नाही. प्रत्येक कळेला कंबर आतून फाटते आहे असं वाटायचं. इथे त्या दोघांचे तळवे कामाला आले. नवरा दमला की ताई, ताई दमल्या की नवरा. मी हात आणि गुडघ्यांवर ओणवी, मोठ्या चेंडूवर छाती टेकवून, आणि मागून कुणाचे तरी दोन हात. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत एकही कळ मी त्या हातांशिवाय काढलेली नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला पाळी बदलली. नवीन नर्स आल्या आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाल्या, "इतका आरडाओरडा केला तर ताकद उरणार नाही, सांगा त्यांना." मला एकदम लाज वाटली. आवाज दाबायला गेले आणि पुढची कळ अंगावर कोसळलीच. ताई नर्सना काही बोलल्या नाहीत. माझ्या कानाशी येऊन त्यांनी स्वतः खालच्या पट्टीत, लांब "आ" लावला. मीही त्यांच्या आवाजात आवाज मिसळला. नवऱ्यानेही लावला. पुढचे दोन तास आम्ही तिघे त्या एका सुरात होतो.

सहा वाजता तपासणीत 7 सेंटीमीटर. आठला पुन्हा 7. मला हुडहुडी भरली होती, दोनदा उलटी झाली, आणि मी म्हणाले की मला आता दुखणं थांबवणारं पाठीतलं इंजेक्शन, एपिड्युरल, हवंय. वरच्या अर्ध्या कागदावर मीच लिहिलं होतं, 'शक्यतो एपिड्युरल नको'. आपण हरलो असं वाटून मी रडत होते. ताईंनी विचारलं, "हे तू दुखतंय म्हणून म्हणतेस की घाबरून?" मी म्हटलं, "दोन्ही." त्या म्हणाल्या, "दोन्ही कारणं खरी आहेत. कागद तुझा आहे, तू बदलू शकतेस." इंजेक्शन लागू झालं आणि मी चाळीस मिनिटं गाढ झोपले. नवऱ्याला त्यांनी बाहेर पाठवलं, दोन घास खाऊन यायला. ताई त्या वेळात गुडघ्यांमध्ये उशी घालून मला या कुशीवरून त्या कुशीवर वळवत होत्या, बाळाला फिरायला जागा मिळावी म्हणून.

कळा वाढवायचं औषध सुरू झालं. अकरापर्यंत 9 सेंटीमीटर. पण बाळ फिरलं नव्हतं आणि प्रत्येक कळेनंतर त्याचे ठोके खाली जाऊन सावकाश वर येत होते. डॉक्टर आल्या, बाळाच्या ठोक्यांच्या नोंदीची पट्टी बघितली, म्हणाल्या, "मला वाटतं आता सिझेरियन करावं." खोलीत एकदम गडबड सुरू झाली. कुणी माझ्या हाताची सुई तपासत होतं, कुणी नवऱ्यापुढे सहीचा कागद धरत होतं.

तेव्हा ताईंनी त्या दिवसातलं डॉक्टरांशी एकमेव वाक्य उच्चारलं. "डॉक्टर, तिला प्रश्न विचारायला पाच मिनिटं आहेत का?" डॉक्टर म्हणाल्या, "दहा आहेत." आणि त्या माझ्या पलंगावर, माझ्या डोळ्यांसमोर येऊन बसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच बसल्या असतील. ताईंनी माझा हात धरला आणि मला म्हणाल्या, "विचार." मी विचारलं: बाळाला या क्षणी धोका आहे का? तासभर थांबलो तर काय होईल? डॉक्टरांनी दोन्हींची उत्तरं दिली. आत्ता बाळ सोसतंय, तासाभराने सोसेल याची खात्री नाही, आणि तेव्हा घाईत करावं लागलं तर मला पूर्ण भूल द्यावी लागेल, मी जागी नसेन. मी म्हटलं, "आत्ताच करू या." सहीचा कागद नवऱ्याच्या हातातून मी घेतला.

नणंदेला सांगायचं होतं ते हेच. माझं पोट कापलं गेलं, पण ते कापायचं हे मी ठरवलं.

शस्त्रक्रियेच्या खोलीत एकालाच परवानगी होती. ताई दाराशी थांबल्या. पण आत काय होणार हे त्यांनी नवऱ्याला आठवडाभर आधीच समजावलं होतं: पडदा असेल, तिला दुखणार नाही पण ओढाताण जाणवेल, ती थरथर कापेल, घाबरू नकोस, तिच्या डोक्याशी बस आणि बोलत राहा. तो बोलत राहिला. 11 वाजून 52 मिनिटांनी लेक रडली. खालच्या अर्ध्या कागदावरच्या तीन ओळींपैकी दोन मिळाल्या. नाळ कापायच्या आधी मिनिटभर थांबले, आणि टाके घालत असतानाच बाळ माझ्या उघड्या छातीवर ठेवलं. तो भाग कोरा राहिला असता तर हे मागायचं आम्हा दोघांनाही सुचलं नसतं.

तिसऱ्या दिवशी बाळाचं वजन 3.1 किलोवरून 2.84 वर आलं. पहिल्या दिवसांत वजन उतरतंच, सात-आठ टक्क्यांपर्यंत उतरणं नेहमीचं आहे, हे मला माहीत होतं. पण वॉर्डातल्या एक बाई जाता जाता म्हणाल्या, "दूधच नाहीये हिला," आणि मला दुसरं काही ऐकू येईना. सिझेरियननंतर दूध उतरायला एखाद-दोन दिवस जास्त लागू शकतात. तोवर येतो तो घट्ट पिवळा चीक, थोडाच पण पुरेसा. ताई त्या दुपारी आल्या आणि काहीही न बोलता एक अख्खं पाजणं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "नुसतं बोंड तोंडात आहे. भोवतीचा काळा भागही आत जायला हवा." टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळ काखेखालून धरायला शिकवलं, त्याचं नाक बोंडासमोर, तोंड जांभईएवढं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग जवळ घ्यायचं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. दूध पोचतंय की नाही हे लंगोट सांगतील, म्हणाल्या, सहाव्या दिवसापर्यंत सहा ओले झाले पाहिजेत. चौथ्या रात्री पान्हा फुटला. बोंडाला चीर पडली होती, त्यासाठी मात्र त्यांनी स्तनपान सल्लागाराकडे पाठवलं. "हे माझ्या कामाच्या पुढचं आहे." तेराव्या दिवशी वजन पुन्हा 3.1 झालं.

घरी ताई आल्या की आधी माझ्याजवळ बसायच्या. येणारं प्रत्येक माणूस हात धुऊन बाळाकडे धावायचं, आणि ते साहजिकच होतं. ताई विचारायच्या, कालपासून किती तास झोपलीस? अंगावरून किती जातंय? खोकताना पोटावर उशी दाबतेस ना? मुक्कामाच्या चार रात्रींत बाळ फक्त पाजण्यापुरतं माझ्याकडे यायचं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, जोजवणं त्या नवऱ्याकडून करवून घ्यायच्या. पहिल्या रात्री तो अवघडला, चौथ्या रात्री ताई खुर्चीत बसून फक्त बघत होत्या. तो आजही बाळाला माझ्यापेक्षा लवकर झोपवतो.

आता जे लिहिते ते घरात अजून सगळ्यांना माहीत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी कारण नसताना रडू येतं, ते बहुतेक बाळंतिणींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. माझं तिसऱ्या आठवड्यातही थांबलं नाही. मी ते लपवायला शिकले होते. न्हाणीघरात नळ सोडून रडायचं, तोंड धुऊन बाहेर यायचं. एका दुपारी ताई म्हणाल्या, "बाळ दोन तास झोपलंय, तू का नाही झोपलीस?" मी म्हटलं, झोप येत नाही. "किती दिवस?" आठ-नऊ दिवस. बाळ झोपलेलं असताना, घर शांत असताना, अंग मोडून आलेलं असतानाही येत नव्हती. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. एडिनबरा प्रश्नावली, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठी 1987 मध्ये तयार झालेली, दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे. मी खुणा केल्या. तीसपैकी पंधरा. साधारण तेरा किंवा जास्त आले तर डॉक्टरांनी तपासायला हवं, असं मानतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. मी 'कधीच नाही' यावर खूण केली होती. तरी ताईंनी तिथे बोट ठेवलं आणि हळू आवाजात पुन्हा विचारलं, "खरंच?" खरंच होतं. पण कुणी तरी दुसऱ्यांदा विचारलं, याचं मला जे वाटलं ते मी विसरणार नाही.

त्यांनी उपचार केले नाहीत, सल्ले दिले नाहीत, 'बाळाकडे बघ म्हणजे बरं वाटेल' असंही म्हणाल्या नाहीत. त्याच दिवशी नवऱ्याला समोर बसवून माझ्याकडून सांगवलं, आणि दोन दिवसांत आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे होतो. अडीच महिने समुपदेशन चाललं. मी बरी झाले. सहाव्या आठवड्याची तपासणी उजाडेपर्यंत हे कुणाच्याही ध्यानात आलं नसतं, आणि तिथेही मी हसूनच बसले असते.

म्हणून कुणी मला विचारलं की कळांच्या वेळची आणि बाळंतपणानंतरची अशी दोन्ही सोबत परवडत नाही, एकच ठेवायची तर कोणती, तर मी बाळंतपणानंतरची सांगते. कळांच्या वेळी निदान आजूबाजूला रुग्णालय असतं. तिसऱ्या आठवड्यातल्या दुपारी तुम्ही आणि बंद दार असतं. पैसे अजिबातच नसतील तर एक माणूस ठरवा, मैत्रीण, मावशी, कुणीही, जिचं काम बाळाला घेणं नसेल, तुम्हाला विचारणं असेल. आणि ते बाळ व्हायच्या आधी तिला सांगून ठेवा.

शेवटच्या भेटीत ताईंनी मला चार पानं दिली. त्या दिवशी कळांच्या मधल्या वेळात त्या वहीत काहीतरी लिहायच्या, ते माझ्या लक्षातच नव्हतं. माझ्या आठवणीत तो सगळा दिवस म्हणजे एक लांबलचक ओरडणं होतं, आणि शेवटी मला कुणीतरी ढकलत नेलं. पानांवर वेळा होत्या. '1:10. दोन कळांच्या मध्ये नवऱ्याचा दंड चोळला, तो दमलाय म्हणून.' '3:35. सूर सापडला.' '8:20. स्वतः ठरवून इंजेक्शन मागितलं.' '11:14. विचारलं, तासभर थांबलो तर काय होईल. आवाज स्थिर.'

ती ओळ मी दोनदा वाचली. मग बाळ उठलं. पानं तिच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये, सगळ्यात वर ठेवली आहेत.